क्लाउड, नग एक

त्या कचेरीत ज्या वस्तूवर नंबर नाही ती वस्तू नाहीच, असा नियम होता. आणि नियम म्हटला की तो पाळायला एक माणूस ठेवावा लागतो. तो माणूस म्हणजे नंबरमामा. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी, पण शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना नंबरमामाच म्हणत आणि मामांनाही ते आवडे. नवी वस्तू आली की तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकायचा, एवढंच त्यांचं काम. खुर्ची असेल तर पाठीवर. टेबल असेल तर पुढच्या डाव्या पायावर, आतून. पंखा असेल तर शिडी लावून मधल्या वाटीवर. पाण्याचा पिंप, भिंतीवरचं घड्याळ, स्टेपलर, कचऱ्याची टोपली, कुणाचीच सुटका नव्हती. फायलींच्या मांडणीवर झोपणाऱ्या बोक्यावरही मामांनी एकदा नंबर टाकला होता, कारण पडताळणीच्या आदल्या दिवशी मोठे साहेब म्हणाले होते, "खोलीत जे जे दिसेल त्यावर नंबर पाहिजे." बोका नंबरसकट पळाला. तो अजून हरवलेल्या वस्तूंत दाखवला जातो आणि दर वर्षी त्याबद्दल खुलासा मागवला जातो.

पडताळणी वर्षातून एकदा. मुख्यालयातून एक पडताळणीसाहेब येत, खोल्याखोल्यांतून फिरत. वस्तू दिसली, नंबर दिसला, की टिक. वस्तू दिसली पण नंबर नसला, तर वस्तू गहाळ. एकदा एका कपाटाचा नंबर नव्या रंगाखाली गेला, तेव्हा त्याच कपाटाला टेकून उभं राहून साहेबांनी 'कपाट आढळले नाही' असं लिहिलं होतं. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या मते चूक कपाटाची होती.

अशा या सुखाच्या संसारात क्लाउड आला.

तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या खोलीतली जुनी मशिनं एका सकाळी टेम्पोत भरून गेली. त्यांच्या अंगावरचे आपले नंबर टेम्पोच्या फळीआड दिसेनासे होईपर्यंत मामा फाटकात उभे होते. त्यांच्या जागी काय आलं म्हणून बघायला ते खोलीत गेले, तर खोली रिकामी. भिंतीला एक वायर होती, ती भिंतीतच जात होती. वर मात्र मोठ्या साहेबांच्या टेबलावर खरेदीचा कागद येऊन पडला होता. त्यावर लिहिलं होतं: 'क्लाउड, नग एक.' त्या कागदावर नगांचा रकाना रिकामा ठेवता येत नसे, म्हणून हेडक्लार्कने आपल्या मनाने एक हा आकडा घातला होता. शून्य लिहिलं असतं तर काहीच घेतलं नाही असं झालं असतं, आणि दोन लिहायला त्याचा जीव धजावला नाही.

"मामा, यावर नंबर टाका," मोठे साहेब म्हणाले.

"टाकतो की. वस्तू कुठंय?"

"ते मला काय विचारता? मी फक्त सही केलीय." साहेब खुर्चीत मागे रेलले, मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "मामा, तुमच्यापासून कशाला लपवू? वरून पत्र आलंय. इथून पुढे खुर्च्यासुद्धा भाड्याने यायच्यात, त्यांच्या नंबरासकट. ही आपली शेवटची खरेदी. तुम्ही क्लाउडवर नंबर टाकलात आणि तो पडताळणीत पास झाला, तर मी वर कळवीन की या वस्तूला नंबर टाकायला कायम माणूस लागतो. तुमचं पद वाचेल. नाही टाकता आला, तर पद रद्द."

मामांनी मनातल्या मनात आपलं वय मोजलं. पन्नाशी उलटली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी शून्य ते नऊ हे दहा आकडे सोडून दुसरं काही रंगवलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन मामींना सांगितलं, तर मामी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "मग काय झालं? जगात भिंती काय कमी आहेत रंगवायला?"

"मी रंगारी नाही," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी घरात पुढे फारसं बोलणं झालं नाही.

ज्याला वस्तू हाताळायची आहे त्याने तिचं प्रशिक्षण घ्यावं, असाही एक नियम होता. म्हणून मामांना 'क्लाउडची तोंडओळख' या वर्गाला पाठवलं. शिकवणाऱ्या बाई मामांच्या पुतणीच्या वयाच्या, हसतमुख, आणि कुणीही काहीही विचारलं तरी 'छान प्रश्न' म्हणणाऱ्या.

"क्लाउड म्हणजे जादू नव्हे," बाईंनी सुरुवात केली. "दुसऱ्याची कॉम्प्युटरं, बस. मोठमोठ्या थंडगार हॉलमध्ये रांगांनी ठेवलेली. आपण ती लांबून, तारेवरून वापरायची आणि जेवढी वापरू तेवढंच भाडं द्यायचं. विकत घ्यायची नाहीत, ठेवायला जागा नको, बिघडली तर दुरुस्तीची कटकट नको."

मामांनी हात वर केला. "हॉलचा पत्ता?"

"छान प्रश्न. पत्ता देत नाहीत, मामा. सुरक्षेसाठी."

"म्हणजे पोरगी दिली आणि सासरचा पत्ता नाही. बरं, राहू द्या पत्ता. त्यातलं आपलं कॉम्प्युटर कुठलं?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. बाई म्हणाल्या, "आपलं असं एक नसतंच. एका मोठ्या खोलीत पडदे लावून चार बिऱ्हाडं राहावीत, तसं एका मोठ्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरचे पडदे लावून कितीतरी छोटी मशिनं करतात. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आख्खी खोली आपलीच. त्या छोट्या मशीनला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं."

"मग पडद्यावर टाकतो नंबर."

"पडदा खरा नसतो, मामा."

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. बाई मात्र रंगात आल्या होत्या. "आणि खरी गंमत पुढेच आहे. काम वाढलं की ही मशिनं आपोआप वाढतात आणि काम ओसरलं की आपोआप जातात. सकाळी दोन असतील, दुपारी वीस, संध्याकाळी पुन्हा दोन. गरजेपुरती घ्यायची, गरज संपली की सोडायची."

"कामापुरता मामा," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खो खो हसला. मामा हसले नाहीत. ते अजून 'जातात' या शब्दावर अडकले होते.

"जातात म्हणजे कुठं जातात?"

"कुठेच नाही. राहत नाहीत."

"पंचनामा न करता?"

आता 'छान प्रश्न' म्हणायचंही बाईंना सुचेना. त्यांनी विषय बदलला. माहिती हरवू नये म्हणून तिच्या प्रती तीन वेगवेगळ्या हॉलमध्ये ठेवतात, एक हॉल जळाला तरी काम अडत नाही, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे आपली वस्तू," मामा बोटं मोजत सावकाश म्हणाले, "तीन ठिकाणी आहे, पण आहे एकच. कधी वीस होते, कधी दोन. आपली आहे, पण आपली नाही. आणि जिथं आहे तिथं गेलं तरी दिसायची नाही."

"अगदी बरोबर!" बाईंनी टाळीच वाजवली. "बघा, मामांना सगळ्यांच्या आधी कळलं!"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कचेरीत परत आल्यावर मामांनी हेडक्लार्कच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उघडायला लावला. पडद्यावर त्या घटकेला कचेरीसाठी चालू असलेल्या मशिनांची यादी दिसत होती, एका ओळीत एक. मामांनी ब्रश रंगात बुडवला, काठाला निथळवला, श्वास रोखला आणि पहिल्या ओळीवर, थेट काचेवर, सुबक अक्षरांत नंबर काढला. सगळे वाहवा म्हणाले. मग हेडक्लार्कचा धक्का माउसला लागला, यादी वर सरकली, आणि नंबर होता तिथेच राहून खाली भलतंच मशीन येऊन उभं राहिलं. मामांनी यादी परत जागेवर आणवली आणि हेडक्लार्कला हात न लावता बसायला सांगितलं. तेवढ्यात यादीतून ती ओळच नाहीशी झाली.

शेवटी बाईंनाच फोन लावला. त्या पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "मामा, रंग नको. प्रत्येक मशीनला टॅग लावता येतो. म्हणजे चिठ्ठीच समजा. त्या ओळीवर जा, टॅग म्हणून चौकट आहे, त्यात तुमचा नंबर लिहा. मशीन कुठल्याही हॉलमध्ये असलं तरी नंबर त्याच्या अंगाला चिकटून राहील."

हे ऐकून मामांचा जीव भांड्यात पडला. रंगाचा वास न येता नंबर टाकायचा म्हणजे त्यांना जरा चोरी केल्यासारखं वाटलं, पण बुडत्याला काडीचा आधार. एका बोटाने टाइप करून त्यांनी पहिल्या मशीनला नंबर दिला. दुसऱ्याला दिला. सकाळची वेळ, दोनच मशिनं होती. मामा पाठ टेकून बसले आणि त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत कचेरी भरली, सगळ्यांनी आपापलं काम उघडलं, आणि यादीत सात मशिनं झाली. पाच बिननंबरी. मामांनी कप बाजूला ठेवून बोट चालवलं. शेवटच्याला नंबर देऊन मान वर करतात तो जेवणाची सुट्टी झाली, लोक उठले आणि सातांतली चार गेली. नंबरांसकट. मामा त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. एकाला नंबर दिल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांना खरोखर वाईट वाटलं.

आणि इथे एक नियम आडवा आला. नंबर टाकलेली वस्तू नाहीशी झाली, तर तिघांच्या समितीने बसून पंचनामा करायचा, कारण लिहायचं, सह्या करायच्या, मगच ती वस्तू दप्तरातून वजा. भांडारपाल, लेखापाल आणि हेडक्लार्क अशी समिती बसली. 'सदर मशीन हे काम ओसरल्यामुळे अस्तित्वात राहिले नाही. वस्तूची स्थिती: चांगली होती.' असे चार पंचनामे त्यांनी टाइप केले, सह्यांचे फोटो काढून चढवले. आता हे सगळं लिहायचं म्हणजे तेही क्लाउडवरच. काम वाढलं. तीन नवी मशिनं आली. मामांनी त्यांना नंबर दिले. पंचनामे संपले, समिती उठली, काम ओसरलं, तीन मशिनं गेली. समिती जिन्यात होती, तिला परत बोलावलं.

पंधरवड्यात कचेरीचं रूपच पालटलं. एक समिती पुरेना म्हणून दुसरी केली, मग तिसरी. टपालाचा माणूस, टंकलेखक, बागेला पाणी घालणारा, सगळे पंचनाम्यांना बसले. मशिनं यायची ती पंचनामे लिहिण्यासाठी आणि पंचनामे लिहायचे ते मशिनं गेल्याचे. कचेरीचं जे मूळ काम होतं ते काय होतं, हे विचारायला एक गृहस्थ खिडकीशी आले होते, पण ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. भाड्याचं बिल बघून लेखापालाने डोळे मिटले आणि ते तसेच मिटलेले ठेवून सही केली. मोठे साहेब मात्र खूश होते. इतकी गजबज त्यांनी आपल्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. ते मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मामा, तुमच्यासारखे आणखी दोन लागतील बहुतेक!"

मामा रात्री उशिरा घरी जाऊ लागले. जेवण झाकून ठेवलेलं असे. मामी झोपलेल्या असत, किंवा तसं दाखवत असत.

मग पडताळणीसाहेब आले. किडकिडीत, नाकावर घसरता चष्मा, हातात एक बॅग. बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "क्लाउड कुठे आहे? नग एक ना?"

'नग एक' हे सगळे विसरूनच गेले होते. त्या वेळी यादीत एकतीस मशिनं होती. मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला, पण मामांचं डोकं चाललं. ते खोलीखोलीतून धावत सुटले. "हात मांडीवर! कुणी काही करायचं नाही! कीबोर्डला हात लावाल तर याद राखा!" अख्खी कचेरी हात मांडीवर घेऊन गप्प बसली. काम थांबलं. यादी ओसरू लागली. वीस, बारा, पाच. शेवटी एक. त्या एकावर मामांनी नंबर टाकला आणि कॉम्प्युटर साहेबांसमोर सरकवला.

"उत्तम," पडताळणीसाहेब म्हणाले. "नग एक, नंबर आहे." आणि टिक करायला त्यांनी पडताळणीचं पान उघडलं.

पडताळणीचं पानही क्लाउडवरच होतं. ते उघडण्याचं काम वाढलं आणि यादीत एक मशीन आलं. पानावर उमटलं: 'एकूण दोन. पडताळणी झालेले एक. राहिलेले एक.'

"हा दुसरा?" साहेबांनी चष्मा वर सारला.

"आत्ता टाकतो नंबर," मामा म्हणाले. नंबर टाकला, साहेबांनी टिक केली, आणि टिक चढवण्यासाठी आणखी एक आलं. राहिलेले एक. पुन्हा नंबर, पुन्हा टिक, राहिलेले एक. साहेब विश्रांतीला उठले तर एक गेलं. पंचनामा झाला. पंचनाम्याने दोन आली. दिवस मावळला तेव्हा पानावर लिहिलेलं होतं, राहिलेले एक.

पडताळणी अपुरी टाकून अधिकाऱ्याने कचेरी सोडू नये, असा नियम होता. साहेब वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले. आणि पडताळणी चालू असेपर्यंत कचेरीतलं कोणतंही पद रद्द करता येणार नाही, असाही नियम होता. हा दुसरा नियम मोठ्या साहेबांनी मामांना हळूच, दाराआड नेऊन सांगितला.

त्याच आठवड्यात मामांनी बाईंना फोन केला होता. नंबरांना आकडे पुरेनात, सहाऐवजी सात अंकी घातले तर चालतील का, एवढंच विचारायचं होतं. बाई चकित झाल्या. "अहो मामा, अजून एकेकाला नंबर देत बसलाय? तिथेच 'कमाल संख्या' म्हणून चौकट आहे. तिच्यात एक लिहा. मग कितीही काम येऊ दे, मशीन एकच राहील. काम मुंगीच्या पावलाने होईल, पण होईल."

"बरं," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी ती चौकट शोधली. होती तिथेच, कोपऱ्यात. मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. मामा वाईट माणूस नव्हते. पण चौकटीत एक लिहिलं की पडताळणी संपणार, पडताळणी संपली की क्लाउडवर कायमचा एकच नंबर, आणि एका नंबरासाठी कोण कशाला माणूस पोसेल? पडताळणीसाहेबांना वर चांगली खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रोज सकाळी साहेब खाली येत, दोघे शेजारी बसत, एक नंबर टाकी, दुसरा टिक करी. दोघांची छान गट्टी जमली होती.

एके दिवशी साहेबांच्या घरून फोन आला. बोलता बोलता साहेबांनी फोन मामांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा हो. बायकोचा माझ्यावर विश्वास नाही."

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "ह्यांचं किती राहिलंय?"

"एकच, वहिनी."

"काल पण एकच होतं."

"होय. पण तो कालचा एक. हा आजचा."

"म्हणजे उद्याचाही असेल."

वहिनींनी "बरं" म्हटलं आणि साहेबांचे आणखी कपडे पाठवते असं सांगून फोन ठेवला. हे संभाषण मग दर दोन-चार दिवसांनी होऊ लागलं. वहिनी कधी रागावल्या नाहीत. मामांना ते जास्त अवघड जाई. कपड्यांचं गाठोडं आलं, मग चादर आली, मग साहेबांची घरातली उशी आली.

एकदा साहेब अंघोळीला गेलेले असताना टेबलावरचा फोन वाजला. मामांनी उचलला. "वहिनी, एकच राहिलंय," ते सवयीने म्हणून गेले.

"ते नाही विचारायचं मला, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या शाळेचा एक कागद आहे, त्यावर ह्यांची सही लागतेय. पाठवून देते. एवढाच निरोप द्या."

"देतो. पोर विचारत असेल ना, बाबा कधी येणार म्हणून?"

"विचारायची," वहिनी म्हणाल्या. "आता नाही विचारत. थांबली."

मामांनी फोन खाली ठेवला. आपण काय करून बसलो आहोत, हे त्यांना एकदम, अंगावर कुणी थंड पाणी ओतावं तसं समजलं. दहा आकडे वाचवायला त्यांनी एका माणसाला उशीसकट इथे कोंडून घातलं होतं. मामांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला, कोपऱ्यातली चौकट उघडली आणि एका बोटाने एक लिहिला.

यादीतली मशिनं एकेक करत गेली. एक उरलं. त्यावर नंबर होता. अख्ख्या कचेरीचा भार त्या एकट्यावर आला आणि सगळीकडे पडदे गोठले. समित्या बोटं हवेत धरून बसल्या.

साहेब केस पुसत आले. मामा म्हणाले, "साहेब, टिक करा. आता दुसरं येणार नाही."

साहेबांनी टिक केली. ती चढेना. पडद्यावर एक छोटं वर्तुळ गोल गोल फिरत राहिलं. दोघे त्याच्याकडे बघत बसले.

"चौकटीत एक लिहिलंत?" साहेबांनी हळूच विचारलं.

मामा दचकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"आलो त्याच आठवड्यात दिसली होती मला ती." साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मामा, पडताळणीसुद्धा आता आपोआप होणार आहे. माणूस लागणार नाही. ही माझी शेवटची पडताळणी. ती चालू होती तोवर मी होतो. मला वाटलं, तुम्हाला चौकट माहीत नाही, तर आपण कशाला बोला? घरीही सांगितलं नाही." ते जरा चिडूनच म्हणाले, "चाललं होतं ना आपलं दोघांचं बरं! कशाला लिहिलंत?"

"वहिनींचा फोन आला होता. शाळेच्या कागदावर सही हवीय."

"मग?"

"म्हणाल्या, पोर आता विचारायची थांबलीय. तुम्ही कधी येणार, ते."

साहेबांनी चष्मा नाकावर चढवला, परत काढला. "हे मला नाही बोलली ती," ते म्हणाले.

वर्तुळ फिरायचं थांबलं. पानावर उमटलं: 'एकूण एक. पडताळणी झालेले एक. राहिलेले शून्य.' साहेबांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. ते उठले, बॅग घ्यायलाही वर गेले नाहीत. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून जिना उतरले आणि फाटकाबाहेर पडल्यावर अक्षरशः धावत सुटले. मामांनी खिडकीतून हाक मारली, "साहेब, बॅग! उशी!" पण तोवर ते कोपऱ्यावर वळले होते.

कचेरीत कुणाला काही कळलं नव्हतं. समित्या अजून हवेत बोटं धरून होत्या. मोठे साहेब दारात येऊन विचारत होते, पडदा का हलत नाही. मामांनी खुर्ची सरळ केली, चहाचा कप उचलून ठेवला. पद आज जाणार की उद्या, एवढाच प्रश्न होता, आणि त्याची भीती वाटत होतीच. पण भर कामाच्या वेळी रिकाम्या हातांनी बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आल्यामुळे, त्या हातांचं करायचं काय तेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

घंटा खूप वेळ वाजली. मामींनी उचलला आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता घाबरून विचारलं, "कुणाला काय झालं?"

कचेरीतून आपण आजवर एकदाही घरी फोन केलेला नाही, हे मामांच्या तेव्हा लक्षात आलं.

"मलाच," मामा म्हणाले. "घरी येतोय."